पुंगळीवरचा शेवटचा आकडा आम्ही का ठोकला नाही

नमस्कार दादा,

आपण आमच्या कामाला एक तारा दिलात आणि लिहिलंत की तीन आठवडे लावले, 1,400 रुपये घेतले, पुंगळी (तोफेच्या दारूचं पितळी नळकांडं) काळपटच राहिली आणि बुडावरचं पुसलेलं साल पूर्ण करून दिलं नाही; भांडीवाल्यानं दहा मिनिटांत चकचकीत करून दिली असती.

उशिराबद्दल माफी मागतो. आठ दिवस सांगितले होते आणि एकवीस लागले, फोनही मी केला नाही. ही चूक माझीच, म्हणून निम्मे पैसे परत देतो.

सालाचं मात्र समजावून सांगायला हवं. आपली पुंगळी ब्रिटिश 18 पौंडी तोफेची, पहिल्या महायुद्धातली. बुडावर ‘18 PR’ (म्हणजे 18 पौंडी), सरकारी मालाचा बाण, भरलेल्या दारूची ‘CF’ ही खूण आणि साल आहे. त्यात 191 स्वच्छ वाचता येतं. चौथ्या आकड्याचा फक्त खालचा गोल उरलाय. तिरक्या उजेडात भिंगाखाली धरून दोन संध्याकाळी मी तो बघितला. तो 6 चा असू शकतो, 8 चाही. पणजोबा 1916 ला मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होते म्हणून आपल्याला 6 हवा होता. पण हे साल पुंगळी बनवल्याचं असतं, तोफ डागल्याचं नव्हे. मी ठोशानं (आकडे उमटवायच्या पोलादी खिळ्यानं) 6 ठोकला असता तर पुढं आपल्या नातवालाही खरा आकडा कधी कळला नसता. उद्यमनगरात ठोसे कुणाकडंही मिळतात, काम पाच मिनिटांचं आहे. तरी ते मी करणार नाही.

पुसलेले आकडे आम्लानं वर आणता येतात, हेही खरं. ठोशाखाली धातू दबलेला असतो, म्हणून अक्षर गेलं तरी त्याचा माग राहतो. पोलीस तपासात हे करतात. पण त्यात पृष्ठभाग खाल्ला जातो, आणि घरच्या आठवणीवर तो प्रयोग मला करवत नाही.

आकडा झिजला कशानं, हे आपणच बोलता बोलता सांगितलं होतं: दर खंडेनवमीला चिंच आणि राखेनं घासून पूजेत ठेवायचे. त्यामागची माया मला कळते, आमच्या घरीही तसंच चालायचं. पण राख धातू झिजवते, आणि चिंचेच्या आंबटानं पितळेतलं जस्त निघून लालसर डाग पडतात. बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकावर तर उरलेला गोलही गेला असता. म्हणून आम्ही कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरला, अक्षरांतला हिरवा थर बांबूच्या काडीनं एकेक करून काढला आणि वर मेण दिलं. तो काळपट रंग काळानं चढलेला आहे. यापुढं फक्त कोरड्या सुती फडक्यानं पुसा.

बुडावर कागद ठेवून पेन्सिलनं उमटवलेला ठसा माझ्याकडं जपून ठेवलाय, तो आपलाच आहे. सागवानी बैठक करून त्यावर पितळी पट्टी लावून देतो, पैसे नकोत. पणजोबांचं नाव, पलटण, 1916, मेसोपोटेमिया, हवं ते त्या पट्टीवर कोरू. रविवार सोडून कधीही या, निम्मे पैसेही तेव्हाच घेऊन जा.