‘आफ्रिकेत रोग मोजतं कोण?’ असं विचारणाऱ्या मेसेजला उत्तर

काल रात्री दहा वाजता मावशीचा फोन आला, आवाज रडवेला. तिचा मुलगा, माझा दादा, नायजेरियात लागोसला नोकरीला आहे आणि दिवाळीला घरी येतोय. तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकलाय: आफ्रिकेत रोगांची मोजदाद होतच नाही, बाहेरचे डॉक्टर पोचल्यावरच साथ कळते, कोरोनाचा ओमिक्रॉन प्रकार तिथेच तयार झाला, म्हणून तिकडून येणाऱ्याला दोन महिने घरात घेऊ नका. मावशी मला विचारते, "त्याला येऊ नको म्हणू का गं?" एका आईवर असं विचारायची वेळ आणलीत, म्हणून लिहितेय.

‘बाहेरचे डॉक्टर पोचल्यावरच कळतं’? लागोसचंच घ्या. 20 जुलै 2014 ला लायबेरियाहून आलेला एक प्रवासी तिथल्या विमानतळावर कोसळला. मलेरिया समजून उपचार सुरू झाले. इबोलाच्या रुग्णाशी आपला संबंध आलेला नाही, असं तो सांगत होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या तिथल्या डॉ. अमेयो अदादेवोह यांना ते पटेना. परिषदेला जायचंय, त्याला सोडा, म्हणून दबाव आला. त्यांनी सोडलं नाही. निदान लागोसमध्येच झालं. 19 ऑगस्टला त्या स्वतः इबोलाने गेल्या.

मग पोलिओ मोहिमेची यंत्रणा आणि माणसं इबोलाच्या कामाला लावली गेली. संपर्कात आलेल्या 894 जणांची यादी झाली. लक्षणं दिसायला 21 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून रोज प्रत्येकाच्या दारात जायचं, ताप मोजायचा, लिहून ठेवायचं. 894 ला 21 ने गुणून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला प्रत्यक्ष भेटींचा आकडा जवळपास तेवढाच आहे, सुमारे 18,500. मुंबईसारख्या गर्दीच्या शहरापासून सुरू झालेली साथ 20 रुग्णांवर थांबली, त्यातले 8 दगावले. 20 ऑक्टोबरला संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त जाहीर केला. बाहेरचे तज्ज्ञ मदतीला होते, हो. पण पहिला संशय आला तो तिथल्याच डॉक्टरला. मोजदाद म्हणजे आणखी काय असतं?

मोजदाद अपुरी आहे, एवढं मात्र मान्य करावं लागेल. बऱ्याच आफ्रिकी देशांत घरी झालेल्या मृत्यूचं कारण कुठेच लिहिलं जात नाही. गिनीमध्ये डिसेंबर 2013 पासून पसरणारा इबोला मार्च 2014 मध्ये ओळखला गेला, तोही नमुने युरोपात पाठवून. ही उणीव मोठी आहे आणि तिने माणसं मारली. पण ती भरून काढायला झटणारेही तिथलेच आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या अगिनकोर्ट भागात 1992 पासून कार्यकर्ते घरोघर जातात, कोण जन्मलं, कोण गेलं ते नोंदवतात, आणि गेलेल्या माणसाला आधी ताप होता की खोकला, किती दिवस होता, हे घरच्यांना विचारतात; त्यावरून मृत्यूचं कारण ठरवलं जातं.

ओमिक्रॉनचा मुद्दा तर संतापजनक आहे. बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना विषाणूतला बदल दिसला आणि 24 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण आफ्रिकेने तो जगाला कळवला. लगेच देशोदेशींनी तिकडून येणारी विमानं बंद केली. पुढे कळलं की नेदरलँड्समध्ये 19 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यातही तो होता. ज्याने आधी पाहून सांगितलं, त्यालाच गुन्हेगार ठरवलं. पुढच्या वेळी सांगायला कोण धजावेल? तुमचा मेसेज तेच करतोय.

आणि ‘दोन महिने’ आले कुठून? इबोलाच्या संपर्कातल्या माणसावरही 21 दिवसच लक्ष ठेवतात. दादाकडे पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड आहे, नायजेरियाहून भारतात उतरताना ते दाखवावं लागतं. आल्यावर ताप आलाच, तर लगेच डॉक्टरकडे जायचं, नायजेरियाहून आलोय हे आधी सांगायचं आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्यायचं.

मावशी, त्याला ये म्हण.