चौथ्या सीटवरचा व्हॅम्पायर

ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल, लेडीज डबा, चौथी सीट. अर्धं अंग सीटवर, अर्धं हवेत. अशा आसनात स्टीमपंक (म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काल्पनिक जगातली) व्हॅम्पायर प्रेमकथा वाचायची म्हणजे छळच, आणि तो गर्दीपेक्षा मुखपृष्ठाचा जास्त. पितळी दातेरी चक्रं, कॉर्सेट, नायिकेची उघडी मान, नायकाचे सुळे. शेजारच्या काकू आधी पुस्तक बघतात, मग माझं मंगळसूत्र.

"भुताचं आहे का गं?"

"इंजिनाचं आहे, काकू."

हे उत्तर पुष्कळसं खरं असतं. नुसता व्हॅम्पायर प्रेमात पडला तर कंटाळा येतो. दोनशे वर्षांचा नवरदेव, त्याला मरण नाही की घाई नाही. चुंबन आज झालं काय नि पुढच्या शतकात झालं काय. वाफ आली की मात्र धांदल सुरू होते. बॉयलरमधलं पाणी भट्टीच्या छताखाली गेलं, की तो पत्रा उघडा पडतो, तापून मऊ होतो आणि वाफेच्या दाबाने फाटतो. म्हणून काचेच्या नळीतली पातळी सारखी बघायची. छतात शिशाचं बूचही बसवतात. पाणी घटलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि सगळे सावध होतात. आता नायिका मिठीत असताना त्या नळीकडे बघायचं कोणी? त्याच्याकडे अनंतकाळ, बॉयलरकडे दहा मिनिटं. मी हे वाचते ते एवढ्यासाठीच.

व्हॅम्पायर आणि यंत्रांचं हे लग्न जमवलं ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीने, १८९७ साली. त्यात टाइपरायटर आहे, फोनोग्राफवर डायरी आहे, आणि नायिका मीना तर गाड्यांची वेळापत्रकं पाठ करते. (ठाण्यात तिला लगेच ग्रुपमध्ये घेतलं असतं.) काउंट ड्रॅक्युला जिचं रक्त पितो त्या लूसीला चार पुरुषांचं रक्त चढवतात तेही रक्तगट न बघता, कारण रक्तगटांचा शोधच १९०१चा. बिचारी काउंटमुळे गेली की डॉक्टरांमुळे, कोण जाणे! शिवाय तो काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उन्हाने व्हॅम्पायर संपतो ही सोय १९२२च्या एका मूकपटाची. तेव्हा लेखकाने कुठलाही नियम घ्यावा, पण पहिल्या पन्नास पानांत सांगून टाकावा. शेवटच्या प्रकरणात अचानक ऊन बाधायला लागलं, की माझं डोकं फिरतं.

या पुस्तकांतली हवाई जहाजं तर विचारूच नका. हायड्रोजनच्या पिशवीखाली कोळशाची भट्टी पेटवून नायक-नायिका डेकवर वॉल्ट्झ करतात! फ्रेंच अभियंता जिफारने १८५२च्या सप्टेंबरात पॅरिसहून वाफेवरचं हवाई जहाज सत्तावीस किलोमीटर नेलं खरं, पण ठिणगी वर जाऊ नये म्हणून धुराडं खाली वळवलं होतं. सात महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून चौदा डबे घेऊन तीन इंजिनं चौतीस किलोमीटरवरच्या आपल्या ठाण्याला आली. म्हणजे वाफेचा खरा माल आपल्याकडेही होता. व्हॅम्पायर तेवढा राहिला.

पुस्तक घेताना मी मधलंच पान उघडते. गॉगल नुसता टोपीवर मिरवायला असेल तर परत ठेवते. पण सुळे मानेला टेकण्याआधी कोणी "थांब, पाणी बघून येते" म्हणालं, तर पिशवीत.