बोलू नका, बीपी मोजतोय!

दवाखान्यात बाबांचं बीपी १५२ वर ९४ निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळीची घाई नको. काहींचं पांढरा कोट बघूनच चढतं. आठवडाभर घरी मोजा." बाबांनी यातलं पांढऱ्या कोटाचं वाक्य तेवढं सगळ्या नातेवाईकांना कळवलं, आणि घरात मशीन आलं.

सोबतची पुस्तिका मी वाचली, तिथेच फसलो. पुस्तिका जो वाचतो, तो त्या वस्तूचा तहहयात कारभारी. नियम म्हटले तर सोपे: आधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, पायावर पाय नाही, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. आणि तोंड बंद. नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा दहाएकने वाढू शकतो म्हणे. दंडाला बांधायचा हा पट्टा १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी काढला. त्यांच्या घरी माणसं कमी असावीत.

पहिल्या सकाळी पट्टा घर्रर्र करत फुगला.

"फार आवळतंय रे."

"बाबा, बोलू नका."

"बोलत नाहीये, सांगतोय."

१४८. पुन्हा. आतून आई, "अहो, किती आलं?" "अगं, येऊ तर दे!" १५१. तिसऱ्या वेळी फोन वाजला, तो बाबांनी मोकळ्या हाताने उचलला आणि "हो हो, आत्ता बीपीच मोजतोय" असं सविस्तर सांगितलं. १५५.

"मशीन बिघडलंय," बाबांनी निकाल दिला.

मशीन शाबूत आहे हे पटवायला आईचं मोजलं. ११६ वर ७४. मग तर बाबांचा मशीनवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

आकड्यांसाठी मी वही केली. तारीख, वेळ, वरचा, खालचा. बाबांनी पट्टी घेऊन त्यात आपल्या हाताने पाचवा रकाना आखला: शेरा. "शेजारी ड्रिल चालू." "जिना चढून लगेच." "मुलगा ओरडला." "मुलगा ओरडला." "मुलगा फार ओरडला."

पाचव्या दिवशी मी ऑफिसला गेलो होतो. त्या दिवसाची नोंद १२४ वर ७८. शेरा: "घरात शांतता."

घरी मोजलेलं साधारण १३५ वर ८५ च्या आत असावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस मी बाहेरच्या खोलीत बसून काढले, आकडे आतच राहिले. गोळी टळली. त्या आनंदात बाबा म्हणाले, "ये, आता तुझं बघू."

"मला काय धाड भरलीय? आणि मला मीटिंग आहे, आत्ता वेळ नाही, तुम्हाला कळत कसं नाही..."

पट्टा तोवर बांधून झाला होता. १४६ वर ९२.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

बाबांनी चष्मा लावला, वहीचं कोरं पान उलटलं, पट्टी घेऊन पाच रकाने आखले आणि शेवटच्यात सावकाश लिहिलं: "बोलत होता."