फिलर नव्हे, खरी चूक नेजीच्या बाबतीत झाली

‘नारुतो’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवरच्या लेखात तिचा सगळ्यात मोठा दोष म्हणून फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेल्या भरतीच्या भागांवर बोट ठेवलंय. पहिल्या मालिकेच्या 220 भागांतला शेवटचा मोठा टप्पा मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नाहीच, हे खरं. पण फिलर वगळता येतात हो. मला खुपतं ते मूळ कथेतलंच आहे.

निंजांच्या बढतीच्या चुनिन परीक्षेतली, नायक नारुतोची नेजी या हुशार निंजाविरुद्धची लढत आठवा. नेजीचं म्हणणं, नशीब जन्मालाच ठरतं. क्लोन जुत्सू, म्हणजे स्वतःच्या प्रतिकृती बनवायची विद्या जमेना म्हणून निंजा शाळेत तीनदा नापास झालेला नारुतो जमीन पोखरून वर येतो आणि नेजीच्या हनुवटीवर ठोसा हाणतो. शेवटचा वार क्लोनच्याच जोरावर! अख्ख्या मालिकेचा जीव त्या एका ठोशात आहे. आणि पुढच्या ‘शिप्पुदेन’ मालिकेत कळतं काय, तर नारुतो चौथ्या होकागेचा, म्हणजे गावच्या प्रमुखाचा मुलगा, वर अशुरा या प्राचीन वीराचा पुनर्जन्म. मग नेजीचंच खरं झालं की! आणि त्या नेजीलाच युद्धात इतक्या घाईने मारलं की धड रडताही आलं नाही.

नारुतोच्याच गावातल्या रॉक लीचंही तेच. त्याच परीक्षेत गारा या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो पायातली वजनं सोडतो तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो, पण पुढे मेहनतीच्या बळावर उभा राहिलेला हा मुलगा कायमचा मागच्या रांगेत. नारुतोच्या गटातल्या साकुराबद्दल तर बोलायलाच नको. मदारा या खलनायकाला एवढा मोठा केला आणि ऐनवेळी कागुया ही नवीच खलनायिका टपकली, तेही पटलं नाही.

नारुतोचा गुरू जिराया याचा मृत्यू ज्या ताकदीने मूळ लेखक किशिमोतोंनी लिहिला, तीच ताकद नेजीच्या वाट्याला यायला हवी होती.