‘कागदी मॅनेजर’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. भूमिगत खाणीवर पात्र मॅनेजर नेमण्याची सक्ती हवी, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: वीस वर्षं खाली काढलेल्या ओव्हरमनला (खाणीच्या एका भागावर देखरेख करणाऱ्या माणसाला) जे कळतं ते परीक्षा पास झालेल्याला कळत नाही, मॅनेजर म्हणजे अपघातानंतर पकडायला ठेवलेला माणूस, तिजोरीची किल्ली मालकाकडेच, आणि प्रमाणपत्रवाले मिळालेच नाहीत तर खाणी बंद ठेवायच्या का?

अनुभव विरुद्ध प्रमाणपत्र ही जोडीच मला पटत नाही. आपल्याकडे मॅनेजरच्या परीक्षेला बसायलाच खाणीतल्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आणि ओव्हरमनच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण तो अनुभव त्याच्या डिस्ट्रिक्टचा, म्हणजे खाणीतल्या त्याच्या वाट्याच्या भागाचा, असतो. हवा मात्र डिस्ट्रिक्ट पाहून वाहत नाही. मुख्य पंखा ठरावीक हवा ओढतो. एका बाजूला नवीन काम उघडलं की दुसऱ्या बाजूची हवा कमी होते. हवेच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाटेमधला एक दरवाजा उघडा राहिला तरी हवा कामाच्या जागेपर्यंत न जाता मधूनच परतते, आणि त्याची झळ बसते भलत्याच ठिकाणच्या माणसांना. तो सगळा फेरा एका डोक्यात असावा लागतो.

आता न्यूझीलंडमधली पाइक रिव्हर खाण घ्या. १९ नोव्हेंबर २०१० रोजी तिथे मिथेनचा स्फोट झाला आणि २९ माणसं गेली. चौकशी आयोगापुढे जे आलं ते तुमच्या मुद्द्याशी थेट भिडतं. स्फोटाआधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला पोचल्याचे २१ अहवाल खालच्या माणसांनी लिहिलेले होते. (हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरते.) म्हणजे अनुभवी नजर कमी पडली नाही. तिने पाहिलं, लिहूनही ठेवलं. ते सगळं एकत्र वाचून ‘उद्यापासून काम बंद’ म्हणणारं कुणी नव्हतं. व्हेंटिलेशनची, म्हणजे हवा खेळती ठेवण्याची, जबाबदारी वाहणारा स्वतंत्र अधिकारी प्रत्यक्षात नेमलेला नव्हता, मुख्य पंखा चक्क जमिनीखाली बसवलेला होता आणि सव्वादोन वर्षांत मॅनेजरच्या खुर्चीवर सहा जण येऊन गेले होते. सहा! खाणीची कुंडली कळायला लागते न लागते तोच माणूस बदललेला.

म्हणून माझा भर प्रमाणपत्रातल्या ज्ञानापेक्षा दुसऱ्या गोष्टीवर आहे. ओव्हरमनने काम थांबवलं तर शिफ्टचं उत्पादन बुडवल्याबद्दल त्यालाच जाब द्यावा लागतो. मॅनेजरचं प्रमाणपत्र मालकाने दिलेलं नसतं, मालकाला ते काढूनही घेता येत नाही, आणि चुकीचा हुकूम पाळला म्हणून ते रद्द होऊ शकतं. ‘नाही’ म्हणायला त्याच्याकडे पगारापलीकडचं एक कारण असतं.

पकडायला ठेवलेला माणूस, हा तुमचा टोला मात्र अगदी बिनबुडाचा नाही. वेल्समधल्या सेंघेनीड खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोटात ४३९ कामगार मेले. मॅनेजरला २४ पौंड दंड झाला आणि कंपनीला, तोही अपिलात, १० पौंड. हवेची दिशा उलटवता येईल अशी सोय १९११च्या कायद्याने मागितली होती, ती झालेली नव्हती. ती करायची तर खर्च कंपनीचा. असली वाटणी पाहिली की चीड येते, मलाही. पण यातून मॅनेजरच नको, हे कसं निघतं? निघतं ते एवढंच, की मालकालाही त्याच ओळीत उभं करा. २०२५पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९५२च्या खाण कायद्यात ते होतं: सुरक्षेसाठी लागणाऱ्या पैशांची तरतूद ही मालकाची आणि एजंटची (मालकाच्या वतीने खाणीचा कारभार पाहणाऱ्याची) जबाबदारी, मॅनेजरची नव्हे. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा, आणि रास्त, प्रश्न. माझी आणखी एक अपेक्षा आहे. नेमणूकपत्रात नुसतं नाव नको. काम बंद करण्याचा अधिकार, वरून तोंडी आलेला हुकूम लेखी मागण्याचा हक्क आणि रजेच्या दिवसांत जागा कोण सांभाळणार, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. रजेवरच्या मॅनेजरच्या सहीने खाण चालणं यासारखी धोकादायक सवय नाही.

एकाच माणसाला तीन खाणींवर दाखवणं, हा तुम्ही सुचवलेला मधला मार्ग मला मान्य नाही. ज्या खाणीत तो रोजच्या रोज उतरू शकत नाही, तिथे तो मॅनेजर नसतो, पाटीवरचं नाव असतो.

राहिला शेवटचा प्रश्न, माणूस नसेल तर खाण बंद ठेवायची का. हो, ठेवायची. पंप आणि पंखा चालू ठेवायचे, देखरेखीची माणसं सोडून कुणी खाली जायचं नाही, आणि तोवर पगार वाढवून माणूस शोधायचा. पंखा बिघडला तर तुम्हीही माणसं वर काढालच ना?