मॉप कमी आहे, हे म्हणायला शिकवावं लागतं (एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं पण ते इतकं वाढत गेलं की म्हटलं वेगळंच टाकावं. ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी, मी लिहिलं होतं की रजिस्टर्ड नर्सला वॉर्डातून उचलून थेट ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, उभं करू नका, सहा महिने नीट ट्रेनिंग द्या आणि मगच तिला एकटीला केस द्या. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे मोठ्या हॉस्पिटलचे लाड झाले, तालुक्याच्या गावात पंधरा खाटांच्या हॉस्पिटलला परवडत नाहीत. तुमच्याकडे दहावी झालेली एक मुलगी आहे, बघून बघून शिकली, आता "मी हात पुढे करायच्या आत आर्टरी हातात असते" (आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा). आणि नर्सला शिकवलं की ती वर्षभरात दुबईला, मग शिकवायचं कोणासाठी.

आधी माझी चूक मान्य करते. "कुणालाही पकडून स्क्रब करतात" (म्हणजे सर्जनच्या हातात अवजारं द्यायला टेबलाशी उभं करतात) असं मी लिहिलं होतं ते लिहायला नको होतं. चार वर्षं रात्री-बेरात्री तुमच्या बरोबर उभी राहणारी मुलगी म्हणजे कुणीही नाही. तिला वाईट वाटलं असेल तर माझ्या वतीने माफी मागा.

पण डॉक्टर, ती शिकलीये तो तुमचा हात. ॲलिस आधी मागता की बॅबकॉक (दोन्ही पकडायचे चिमटे), टाके घेताना कुठे थांबता, हे सगळं तिला पाठ झालंय आणि ते सोपं नाही हे मला माहितीये. उद्या बाहेरून ऑर्थोवाले मोडलेल्या हाडाला प्लेट बसवायला आले आणि टूर्निकेट (रक्त थांबवायचा हवेचा पट्टा) लावला, तर तो किती वाजता फुगवला ते कोण लिहिणार? कातडीला लावलेलं स्पिरिटवालं प्रेप सुकलं नसताना कॉटरी (विजेने कापायचं, रक्त थांबवायचं यंत्र) सुरू केली तर पेशंट पेटू शकतो, हे तिला कुणी सांगितलंय का? ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनच्या) टेपवर काळे पट्टे आले म्हणजे पॅक मशीनमधे जाऊन आलाय एवढंच कळतं, आत वाफ नीट पोचली का ते आतली इंडिकेटरची पट्टी सांगते, आणि ओला निघालेला पॅक टेप कितीही काळी असली तरी वापरायचा नाही.

एक अगदी साधी गोष्ट घ्या. मानेतली गाठ काढली, टीबीचा संशय आहे. बघून शिकलेली मुलगी काय करणार, आत्तापर्यंत प्रत्येक पीस (काढलेला तुकडा) फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेलेला तिने पाहिलाय तर हाही तिथेच टाकणार. बायोप्सीला चालेल, पण कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) गेलं, फॉर्मॅलिनमधे जंतू मरतात. त्यासाठी अर्धा तुकडा सलाईनमधे वेगळा पाठवावा लागतो. औषध रेझिस्टंट आहे का हे कळायची संधी त्या बाटलीत बुडाली आणि पेशंटची दुसरी गाठ काढायची वेळ आली. यात त्या मुलीला मी दोष देणार नाही, तिला "का" कुणी सांगितलेलंच नाही. नर्सचं तीन-चार वर्षांचं शिक्षण झालेलं असतं, तिला हे "का" पटकन कळतं, म्हणून मी रजिस्टर्ड नर्सच धरून बसलेय. मात्र कॉलेजच्या ओटी पोस्टिंगमधे मुली कोपऱ्यात उभ्या राहून लांबून बघतात फक्त, त्यामुळे डिग्री आहे म्हणून ओटी येते असं अजिबात नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यासाठीच तर ते सहा महिने.

आता खरा मुद्दा. रात्री अडीचची इमर्जन्सी सिझर, मी सर्क्युलेटिंगला (टेबलाबाहेरून सामान पुरवायला), स्क्रबला ट्रेनिंगचा चौथा महिना चालू असलेली मुलगी. मॉप (पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे) दहा, पाच-पाचचे दोन गठ्ठे, बोर्डवर लिहिलेले. गर्भाशय शिवून झालं, पोट बंद करायच्या आधीचा काउंट घेतला, म्हणजे सगळे मोजले, तर नऊ. परत मोजले, नऊच. सर्जन दमलेले, म्हणाले असेल बादलीत, द्या पुढचं. आणि ती मुलगी, आवाज थरथरत होता तिचा, म्हणाली, "सर, एक मॉप कमी आहे, मिळेपर्यंत नीडल होल्डर देत नाही." भूलवाल्या डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. सर्जन काही बोलले नाहीत, दोन्ही बाजूंनी हात घालून पोट तपासलं, नाही. मी बादली उपडी केली, टेबलाखाली वाकले, ड्रेपच्या (पेशंटवर टाकलेल्या चादरींच्या) घड्या बघितल्या, सगळ्यांना पाय उचलायला लावले. शेवटी सापडला बाळाच्या टॉवेलात. बाळ देताना टॉवेलाबरोबर मॉपही वॉर्मरवर (बाळाला ऊब द्यायच्या टेबलावर) गेला होता, रक्ताने टॉवेलाला चिकटून त्याच्याच रंगाचा झालेला.

तुम्ही म्हणाल, पोटात नव्हताच ना. नव्हता. पण ते कळल्यावर पोट बंद झालं.

मी माझ्या पहिल्या वर्षी हे वाक्य बोलू शकले नव्हते. मीही बघून बघूनच शिकलेय. एकदा काउंटला एक सुई कमी आली, सर मोठे, त्यांचा राग माहीत, मी गप्प बसले. केस संपल्यावर एकटीने लोहचुंबक घेऊन फरशी पुसत बसले, पहाटे चारला टेबलाच्या चाकाशी सुई मिळाली. तोपर्यंत पेशंट रिकव्हरीत गेलेली. ते दोन तास मी अजून विसरले नाहीये.

आपल्या राज्यात हे घडून गेलंय. १९६३ साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमधे बाळंतपणानंतर एका बाईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, पोटात मॉप राहिला, पुन्हा पोट उघडून काढला तरी ती वाचली नाही. केस चालत चालत सुप्रीम कोर्टात गेली, निकाल १९९६ मधे, राज्य सरकार जबाबदार, भरपाई छत्तीस हजार रुपये. तेहतीस वर्षं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सर्जिकल चेकलिस्ट (ती करण्यात आपल्या यवतमाळकडच्या घराण्यातले, अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे पुढे होते) मला इतकी जवळची वाटते. पेशंट ओटीतून बाहेर जाण्याआधी नर्सने तोंडाने सांगायचं आहे, काउंट पूर्ण, आणि पीसचं लेबल नावासकट मोठ्याने वाचायचं आहे. नुसती कागदावर टिक नाही.

हे बोलणं आपोआप येत नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या महिन्यात त्याची तालीम घेतो. खोटी केस लावायची, एक गॉझ मी लपवते, एखादे सीनियर सर्जन चिडल्याचं नाटक करतात, आणि मुलीने ते वाक्य म्हणायचं. पहिल्यांदा जवळपास सगळ्या अडखळतात, एक तर रडली होती. तीन-चार वेळा झालं की आवाज निघतो. तुमच्याकडची मुलगी तुमच्यावर पगारासाठी अवलंबून, कुठल्याही कौन्सिलमधे तिचं रजिस्ट्रेशन नाही, उद्या काही झालं तर तिच्या पाठीशी काहीच नाही, ती तुम्हाला थांबा म्हणेल? तुम्ही कितीही चांगले असलात तरी मला शंका वाटते.

दुबईचं म्हणाल तर जातात, खरंय. माझ्या हाताखालच्या कितीतरी जणी आखातात आणि इंग्लंडला आहेत. पगार आणि मान दोन्ही इथे मिळत नाही म्हणून जातात, ट्रेनिंग मिळालं म्हणून नाही. न शिकवता ठेवल्या तरी जातातच, आणि जाईपर्यंत तुमच्या टेबलापाशी अर्धवट शिकलेली नर्स उभी असते.

खर्चाचं तुमचं गणित मला पटतं, पंधरा खाटांना सहा महिने एक पगार नुसता शिकण्यावर जाणं जड आहे. म्हणून सहा महिने तुमच्याकडेच घालवा असं मी म्हणतच नाहीये. तुमच्या गावातले तीन-चार जण मिळून एकेक नर्स आळीपाळीने जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलला दोन-दोन महिने पाठवा, तिथे सर्जरी, गायनॅक, ऑर्थो सगळ्या केसेस मिळतात, उरलेलं तुमच्या टेबलावर. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

आणि तुमच्या त्या मुलीला बारावीला बसवा डॉक्टर, मग जीएनएम करू दे, नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा कोर्स आहे, फीचा थोडा भार तुम्ही उचला. एवढा तयार हात आणि वर रजिस्ट्रेशन, अशी मुलगी मी माझ्या ओटीत डोळे झाकून घेईन.

तोवर निदान एक पांढरा बोर्ड आणा, टेबलावरून दिसेल असा लावा, मॉप, गॉझ, सुया असे तीन रकाने, मधे वाढवलेलं लगेच लिहायचं. आणि शेवटचा काउंट होईपर्यंत ओटीतून कचऱ्याची पिशवी किंवा बाळाचा टॉवेल, काहीही बाहेर जाऊ देऊ नका. आमचा काउंटचा कागद हवा असेल तर कळवा, पाठवते.

— सिस्टर