पाचोळा जाळू द्या म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

फेब्रुवारी लागला की पुण्यात पानगळ सुरू होते आणि पाठोपाठ तो मेसेजही फिरायला लागतो. यंदा मला तीन ग्रुपवरून आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं, की पाचोळा नैसर्गिक आहे, त्याच्या धुराने डास मरतात, राखेचं खत होतं, आपले आजोबा-पणजोबा हेच करत आले, आणि गाड्या-कारखाने सोडून पाचोळ्यावर बंदी घालणं हे नवीन फॅड आहे.

नवीन वगैरे काही नाही. 2000 सालच्या घनकचरा नियमांतच लिहिलंय की कचरा आणि सुका पाला जाळायचा नाही. मग डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने, उघड्यावर कचरा जाळण्यासाठी देशभर दंड ठरवून दिला, साधं जाळलं तर 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. म्हणजे बंदी असावी की नसावी हा वाद कधीच संपलाय, आपण फक्त ती पाळत नाही.

आता "नैसर्गिक धूर". चुलीचा धूरही लाकडाचाच असतो, आणि जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आज्यांचा खोकला आपल्यापैकी कित्येकांनी घरात ऐकलाय. पाचोळ्याचा ढीग वरून कोरडा असला तरी खाली दमट असतो, त्यामुळे तो धड पेटत नाही, तासन् तास नुसता धुमसत राहतो, आणि अशा अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे बारीक कण आणि बेन्झोपायरीनसारखी कॅन्सर करणारी द्रव्यं बाहेर पडतात. त्यात सकाळची थंड हवा जमिनीलगत बसलेली असते, धूर वर जातच नाही, गल्लीतच पसरून राहतो, आणि नेमकी तीच वेळ पोरं स्कूलव्हॅनची वाट बघत उभी असण्याची. शिवाय ढिगात नुसता पाला कधीच नसतो. मी एकदा काठीने उकरून बघितला, गुलमोहराच्या बारीक पानांत गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे आणि एक तुटकी चप्पल होती. हे सगळं जळतं आणि आपण म्हणतो पाचोळा जाळला.

डासांचं म्हणाल तर धूर आहे तोवर ते लांब जातात, एवढंच. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या साठलेल्या पाण्यात वाढतो, तिथल्या अळीला रस्त्यावरच्या धुराने काहीच होत नाही. ताटली ओता.

राखेचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. राखेत पालाश (पोटॅश) आणि कॅल्शियम उरतं हे बरोबर, पण पानातलं नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळं हवेत उडून जातं, आणि माती भुसभुशीत करणारा, पाणी धरून ठेवणारा जो सेंद्रिय भाग असतो तो तर पूर्णच जातो. वर हे ढीग बहुतेक वेळा झाडाच्या बुंध्याशीच पेटवतात, त्या आचेने साल भाजते, मुळं भाजतात. झाडाला खत द्यायचं म्हणून झाडच भाजायचं?

आजोबांबद्दल. माझे आजोबा मावळात भात लावायचे आणि पावसाआधी राब भाजायचे, पाला आणि शेण पसरून रोपांची जागा भाजायची म्हणजे तण मरतं. ते वर्षातून एकदा व्हायचं, मोकळ्या शेतात, आणि त्यामागे कारण होतं. घराभोवती पडलेला बाकीचा पाला ते उकिरड्यात टाकायचे, पुढच्या वर्षी त्याचं खत शेतात जायचं. परंपरा सांगायची तर हीसुद्धा सांगा ना.

गाड्यांचा धूर कमी झालाच पाहिजे, यात वादच नाही. पण म्हणून हा धूर चालेल असं कसं होईल?

मेसेजमध्ये खरी अडचण आलेलीच नाही. आमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, तर पदर नाकाला लावूनच म्हणाल्या, "गाडी येत नाही, ढीग उडला की परत मलाच झाडायला लावतात, मी काय करू?" त्यांच्या छातीत सगळ्यात जास्त धूर जातो. म्हणून दंड पहिला त्यांच्यावर बसू नये, ढीग उचलायची सोय न करणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

आणि सोसायट्यांना बरंच करता येतं. आम्ही कोंबडीजाळीचा चार फूट उंच गोल पिंजरा केला, दारापासून लांब, कारण साप-विंचवाची भीती खोटी नाही. पाला भरायचा, पायाने दाबायचा, ताक-गूळ किंवा शेणाचं पाणी मारायचं आणि ओल टिकवायची. गळ्यापर्यंत भरलेला पिंजरा पावसाळा संपेपर्यंत गुडघ्याएवढा होतो, खाली काळं, मातीच्या वासाचं खत. जागा नसेल तर पोती भरून ठेवा, गच्चीवर बाग करणारे लोक पाचोळा शोधत असतात. पुण्यातला ब्राउन लीफ उपक्रम जास्तीचा पाला असणारे आणि तो हवा असणारे यांचीच गाठ घालून देतो. आमचा दुसरा पिंजरा यंदा अजून अर्धा रिकामा आहे, शेजारच्या दोन बिल्डिंगना सांगून ठेवलंय, पोती आणून टाका.